प्रश्न तुमचे : गुहेतला आंधळा मासा काचेला धडकत का नाही?

मागच्या वेळी खोल समुद्रातल्या माशांवर लिहिलं आणि शेवटी सहज विचारलं होतं की गुहेतल्या आंधळ्या प्राण्यांबद्दल कोणाला काही विचारायचंय का. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की सगळी छापायची तर अख्खा अंक लागेल, म्हणून निवडक घेतोय. बहुतेकांचा रोख एकच, अंधारात राहून डोळे गेले कसे. माझं मत विचाराल तर या जनावरांना अंधारापेक्षा भुकेने जास्त घडवलंय, आणि हे मी खाली दोनतीनदा परत बोलणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवतो.

लेकीच्या हट्टापायी ॲक्वेरियमच्या दुकानातून ‘ब्लाइंड केव्ह टेट्रा’ म्हणून दोन मासे आणले. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी आहे. तरी दिवसभर फेऱ्या मारतात आणि काचेला एकदाही धडकत नाहीत. हे कसं जमतं त्यांना? (एक आई, पिंपरी)

ताई, तुमच्या लेकीने भारी मासा निवडलाय. गुहेतल्या प्राण्यांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो याचाच. शास्त्रीय नाव अस्टियानॅक्स मेक्सिकानस. मूळ गाव ईशान्य मेक्सिको, तिथे सिएरा दे एल आब्रा नावाची चुनखडीची डोंगररांग आहे, तिच्यात आणि आसपास मिळून तीसेक गुहांमध्ये हा सापडतो. १९३६ साली ला क्वेवा चिका नावाच्या गुहेतल्या माशांवरून त्याची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद झाली आणि लगोलग तो हौशी लोकांच्या टाक्यांमध्येही पोचला. तुमच्याकडचे दोघं कुठल्यातरी फार्मवर वाढलेले असणार, त्यांनी गुहा काही बघितलेली नाही (बघणार तरी कशाने म्हणा).

आता काचेचं. मासा पुढे जातो तेव्हा तोंडासमोरचं पाणी ढकललं जातं, आणि समोर काच किंवा दगड आला की त्या पाण्याच्या दाबात किंचित फरक पडतो. हा फरक ओळखणाऱ्या केसाळ पेशींचे बारीक पुंजके माशाच्या अंगावर असतात, त्यांची डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रांग असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. सगळ्याच माशांना असते ही, बाजारातून रोहू आणला की त्याच्या कुशीवर नीट बघा, खवल्यांवरून गेलेली रेघ दिसेल. गुहेतल्या माशात फरक असा की डोक्यावर, त्यातही जिथे डोळा असायला हवा होता त्या खोबणीच्या आजूबाजूला, हे पुंजके संख्येने जास्त आणि आकाराने मोठे असतात.

तुम्ही मासे आणून टाकीत सोडले तेव्हा पहिले काही तास ते जोरात आणि काचेला चिकटून चिकटून पोहत होते का ते आठवून बघा. ते घाबरलेले नसतात. वेग असला तरच दाबातला फरक नीट कळतो म्हणून नव्या जागी ते वेग वाढवतात, आणि एकदा टाकीचा नकाशा डोक्यात बसला की निवांत होतात. आतली प्लॅस्टिकची झाडं किंवा दगड हलवले की परत तेच सुरू. लेकीला करून दाखवा, फक्त रोज रोज छळू नका त्यांना.

अजून एक गंमत, दाणे तळाशी पडल्यावर बघा. मासा साधारण ४५ अंशात तिरका होऊन तळ चाचपत जातो. याचाच डोळस भाऊ, जो मेक्सिकोच्या उघड्या नद्यांमध्ये राहतो, तो तळाचं खाताना जवळजवळ उभाच होतो, शेपटी वर आणि तोंड खाली. अंधारात दोघांना एकत्र खायला सोडलं तर तिरका मासा बाजी मारतो, कारण हनुवटीखालचा जास्त भाग तळाला लागतो आणि चव घेणारे बिंदू त्याच्या तोंडाबाहेर, हनुवटीवर पण असतात. आणि पाण्यात सेकंदाला साधारण ३५ वेळा थरथरणारी काडी धरली तर हा आंधळा मासा तिच्याकडे धावत येतो, डोळस भाऊ सहसा तिकडे फिरकत नाही. नदीत अशी थरथर म्हणजे कोणी आपल्याला खायला आलंय असं असू शकतं. गुहेत त्याला खाणारा कोणी नाही, म्हणजे जे काय वळवळतंय ते आपलंच जेवण.

वापर बंद झाला की अवयव जातो, गुहेतल्या माशांचे डोळे तसेच गेले असं माझे आजोबा सांगतात. सर म्हणतात असं नसतं. कोणाचं बरोबर? (नववीतला वाचक, सांगली)

सरांचं बरोबर, पण आजोबांना म्हणावं तुम्ही एकटे नाही, खुद्द डार्विन तुमच्या बाजूला आहे. १८५९ च्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात त्याने जवळजवळ हेच लिहिलंय, की अंधारात डोळे असले तरी त्यांनी काही नुकसान होईल असं वाटत नाही, म्हणून ते निव्वळ न वापरल्यामुळे गेले असं मी मानतो. जनुकं म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

न वापरल्याने तुझे दंड बारीक होतील, पण तुझ्या मुलाचे जन्मतः बारीक होणार नाहीत. पुढच्या पिढीत जायचं तर बदल जनुकात व्हायला लागतो, आणि असे बदल आपोआप, आंधळेपणाने होतच असतात. नदीत एखाद्या पिल्लाचा डोळा बिघडवणारा बदल झाला तर ते पिल्लू मोठं व्हायच्या आत कोणीतरी गिळतं, विषय संपला. गुहेत ते बिघडलेलं पिल्लू आरामात जगतं, त्याला पिल्लं होतात, आणि असे बिघाड साठत जातात.

पण एवढंच असतं तर तो नुसता ढिसाळपणा झाला असता, खरी मजा पुढे आहे. या माशाच्या अंड्यात डोळा तयार व्हायला सुरुवात होते! एक-दोन दिवसांच्या गर्भात भिंग असतं, डोळ्याची वाटी असते, सगळं व्यवस्थित चाललेलं असतं, आणि मग भिंगाच्या पेशी स्वतःहून मरायला लागतात, त्याच्या मागे बाकीचा डोळा थांबतो, आत बुडतो आणि वरून कातडी येते. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या योशियुकी यामामोतो आणि विल्यम जेफरी यांनी २००० साली एक प्रयोग छापला, त्यात नदीतल्या डोळस माशाच्या गर्भातलं भिंग काढून गुहेतल्या माशाच्या गर्भात बसवलं, फक्त एका बाजूला. तर त्या बाजूला चांगला मोठा डोळा आला, बुबुळासकट, आणि दुसरी बाजू नेहमीसारखी सपाट! उलटं करून बघितलं, गुहेतलं भिंग डोळस माशात, तर त्याचा डोळा खंगला. म्हणजे डोळा बनवायची बाकीची बरीचशी सामग्री या आंधळ्या माशाकडे अजून शिल्लक आहे, निरोप देणारं भिंगच मरतंय.

दुसरा प्रयोग मला याहून आवडतो. २००८ मध्ये रिचर्ड बोरोव्स्की यांनी वेगवेगळ्या गुहांमधल्या आंधळ्या माशांची जोडी लावली. आई आंधळी, बाप आंधळा, दोन्हीकडच्या पिढ्यान्‌पिढ्या आंधळ्या, आणि त्यांच्या काही पिल्लांना चक्क दिसत होतं. कारण सोपं आहे, एका बॅटरीचे सेल गेलेत आणि दुसरीचा बल्ब उडालाय, दोन्ही खोलून चांगलं ते एकत्र बसवलं तर एक बॅटरी पेटते. प्रत्येक गुहेत डोळे गेले ते स्वतंत्रपणे आणि वेगवेगळी जनुकं बिघडून गेले, म्हणून एकाचं बिघडलेलं दुसऱ्याने भरून काढलं.

आणि डार्विनचं ते ‘डोळे असून नुकसान काय’ हे? नुकसान आहे, आणि ते मोजलंय. डोळा आणि मेंदूतला बघण्याचा भाग चालवायला फार ऊर्जा लागते, प्रकाश पकडणाऱ्या पेशी तर अंधारात जास्तच खातात. २०१५ साली आलेल्या एका अभ्यासात या माशाचा हिशोब मांडलाय, लहान, ग्रॅमभर वजनाच्या पिल्लात स्वस्थ असतानाच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण १५ टक्के फक्त दृष्टीवर जाते, मोठ्या माशात पाच टक्क्यांच्या आसपास. जिथे महिनोन्‌महिने खायला नाही तिथे ज्याच्या अंगावर हा खर्च नाही तो टिकणार. शिवाय ज्या रासायनिक निरोपामुळे भिंग मरतं, तोच निरोप वाढला की जबडा मोठा होतो आणि चवीचे बिंदू वाढतात असंही दिसलंय, म्हणजे डोळे जाणं हा त्या दुसऱ्या फायद्याच्या सौद्याचाही भाग असू शकतो. आजोबांना एवढं सगळं सांग आणि ते काय म्हणतात ते कळव.

उजेड नाही म्हणजे झाडं नाहीत, शेवाळ नाही. मग हे प्राणी खातात काय? (निवृत्त शिक्षिका, अमरावती)

बाई, तुम्ही बरोबर नस पकडलीत. बहुतेक गुहांमध्ये सगळं खाणं बाहेरून येतं. पुरात वाहून आलेला पालापाचोळा, काड्या, मेलेले किडे, छतातून खाली आलेली झाडांची मुळं, आणि वटवाघळांची लीद. लिदीवर बुरशी आणि जिवाणू, त्यांच्यावर किडे, किड्यांवर कोळी आणि मासे, असा संसार चालतो. पावसाळ्यात चंगळ आणि मग पुढचा पूर येईपर्यंत ठणठणाट.

अपवाद आहेत. रोमानियात काळ्या समुद्राजवळ मोविले नावाची गुहा आहे, १९८६ मध्ये वीज प्रकल्पासाठी जागा तपासताना खणलेल्या विहिरीतून अचानक सापडली. साधारण ५५ लाख वर्षं ती बाहेरच्या जगापासून तुटलेली होती असं मानतात. आतली हवा आपल्याला झेपणार नाही, ऑक्सिजन बाहेरच्या निम्म्याहून कमी, आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तिथले जिवाणू त्या सल्फाइडमधून ऊर्जा काढून अन्न बनवतात, पाण्यावर त्यांची साय धरते आणि ती खाऊन विंचवासारखे दिसणारे पाणकिडे, गोगलगायी, जळवा, गोमा असे कितीतरी जीव जगतात, त्यातले तीसेक तर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. सूर्य उद्या विझला तर त्यांना बराच काळ पत्ताही लागणार नाही.

पण बाकीच्यांना उपासच, आणि शरीर त्या हिशोबाने बदललेलं. मेक्सिकोच्या माशाकडे परत येतो. मिळेल तेव्हा तो अधाशासारखा खातो. काही गुहांमधल्या माशांत, पोट भरलं हे मेंदूला कळवणारं एमसी४आर नावाचं जनुकच बदललंय (माणसातही हे बिघडलं की भूक आवरत नाही आणि वजन सुटतं). रक्तातली साखर वरखाली होत राहते, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, म्हणजे डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला तर कपाळाला हात लावतील, पण मासा ठणठणीत! चरबी साठवतो आणि दीर्घकाळ जगतो. इन्सुलिन ओळखणाऱ्या ग्राहीच्या जनुकातला जो बदल माणसात गंभीर आजार देतो तो याच्यात २०१८ साली सापडला, तेव्हापासून मधुमेहावर काम करणारे लोकही या माशाच्या मागे लागलेत. झोपसुद्धा कमी, नदीतला भाऊ दिवसाचे बारा-तेरा तास पडून राहतो, हा जेमतेम दोन-चार तास. कधी काय वाहून येईल सांगता येत नाही, झोपून परवडत नाही.

म्युनिकला राहतो. गेल्या उन्हाळ्यात स्लोव्हेनियाच्या पोस्टोयना गुहेत गेलो होतो, तिथे टाकीत गुलाबी सरड्यासारखा प्राणी दाखवतात. गाइड म्हणाली याला लोक ड्रॅगनचं पिल्लू समजायचे आणि हा शंभर वर्षं जगतो. पर्यटकांना गंडवतात का हो? (एक वाचक, जर्मनी)

नाही, यावेळी गाइड खरं बोलली. तो प्राणी म्हणजे ओल्म, शास्त्रीय नाव प्रोटियस अँग्विनस. सरडा नाही, बेडकांच्या नात्यातला सॅलमँडर आहे. वीतभर किंवा थोडा जास्त लांब, पुढच्या पायाला तीन बोटं, मागच्याला दोनच, मानेशी लालभडक पिसाऱ्यासारखे कल्ले, आणि ते जन्मभर तसेच, म्हणजे मोठं होऊन पाण्याबाहेर यायचं असतं हे तो विसरलेलाच आहे. अंड्यातून निघतो तेव्हा डोळे असतात, मग हळूहळू कातडीखाली बुडतात. त्याला वास जबरदस्त, पाण्यातली कंपनं कळतात, आणि डोक्यावर अशी इंद्रियं आहेत ज्यांना दुसऱ्या जीवांच्या शरीरातली अगदी क्षीण वीज जाणवते.

ड्रॅगनचं म्हणाल तर १६८९ मध्ये वाल्वासोर नावाच्या तिथल्याच सरदाराने लिहून ठेवलंय की मोठ्या पावसात जमिनीखालून पाणी उसळलं की त्यासोबत हे जीव बाहेर पडायचे आणि लोकांना वाटायचं आत कुठेतरी ड्रॅगन आहे आणि ही त्याची पिल्लं.

वयाचं पण खरं. फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरात मूलिस इथे एक प्रयोगशाळा आहे, तिथे गुहेतच १९५० च्या दशकापासून ओल्म सांभाळलेत. त्या नोंदींवरून २०१० च्या सुमारास हिशोब काढला तर मोठ्या झालेल्या ओल्मचं सरासरी आयुष्य ६८ वर्षांच्या वर आणि जास्तीत जास्त शंभरी पार. वयात येतो पंधराव्या वर्षाच्या आसपास, आणि मादी अंडी घालते साधारण बारा वर्षांतून एकदा. पोस्टोयनात २०१६ च्या सुरुवातीला टाकीतल्या एका मादीने ६४ अंडी दिली तेव्हा अख्खा देश बातम्या बघत होता, त्यातून वीसेक पिल्लं निघाली.

आणि आळस म्हणाल तर कहर. बोस्निया-हर्झेगोव्हिनातल्या एका गुहेत पाणबुड्यांनी ओल्मांवर खुणा करून वर्षानुवर्षं ते कुठे जातात बघितलं. बहुतेक जण एवढ्या काळात दहा मीटरच्या आत. एक बहाद्दर २५६९ दिवसांनी जिथे बघितला होता तिथेच सापडला, सात वर्षांहून जास्त! मी हे वाचून पहिल्यांदा हसलो, पण विचार केला तर बरोबरच आहे की, खाणं कुठे आहे हे माहीत नसताना फिरून उगाच शक्ती का घालवायची. वर्षभराहून जास्त उपास त्याला सहज झेपतो.

दिवस-रात्र कळत नाही तर त्यांना कधी झोपायचं, कधी उठायचं हे कसं कळतं? (सातवीतली वाचक, नाशिक)

छान विचारलंस. बहुतेक प्राण्यांच्या शरीरात २४ तासांचं घड्याळ असतं आणि उजेड ते रोज लावून देतो. सोमालियात वाळवंटाखाली एक आंधळा मासा आहे, फ्रियाटिक्थिस अँड्रुझी, दहा लाखांहून जास्त वर्षं अंधारात. त्याच्या घड्याळावर उजेडाचा काही परिणामच होत नाही. पण रोज ठरलेल्या वेळी खायला घातलं तर त्याचं घड्याळ त्या वेळेवर लागतं, जेवणाच्या जरा आधीपासून तो चुळबुळ करायला लागतो. आणि स्वतःचं घड्याळ कितीचं म्हणशील, तर साधारण ४७ तासांचं! म्हणजे त्याचा एक ‘दिवस’ आपल्या जवळपास दोन दिवसांएवढा. इथेही बघ, उजेडाची जागा जेवणाने घेतली.

छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

वटवाघूळ आंधळं असतं का, असं चौघांनी विचारलंय. नाही. सगळ्या वटवाघळांना दिसतं, फळं खाणाऱ्यांना तर छान दिसतं. ती गुहेत फक्त राहायला असतात, पोट बाहेर भरतात.

आंधळा मासा उजेडात ठेवला तर डोळे येतील का? नाही, कितीही पिढ्या ठेवले तरी नुसत्या उजेडाने येणार नाहीत. ओल्मला मात्र उजेडात ठेवलं तर त्याची गोरी कातडी काळपट पडते, आणि त्याला तो उजेड आवडत नाही, कातडीलाही उजेड जाणवतो म्हणून तो आडोसा शोधतो.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे आहेत का असे प्राणी? (पाच-सहा जणांचा एकच प्रश्न)

आहेत, आणि एकाचा संबंध थेट पुण्याशी आहे. छत्तीसगडमध्ये बस्तर भागात, जगदलपूरजवळ कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कुटुमसर गुहा आहे. १९५० च्या दशकात शंकर तिवारी यांनी तिचा अभ्यास केला, आणि आत राहणाऱ्या लांबलचक मिशांच्या फिकट रातकिड्याला पुढे त्यांच्याच नावावरून केम्पिओला शंकरी म्हणतात. त्या गुहेतल्या डबक्यांमध्ये एक करंगळीएवढा मिशाळ मासा आहे, अंग फिकट, डोळे बारके झालेले, पण सगळ्यांचे सारखे नाहीत, कोणाचे जास्त गेलेत, कोणाचे कमी. म्हणजे बदल अजून अर्ध्या वाटेत आहे. संशोधकांनी त्याची नोंद इंडोरिओनेक्टिस इव्हझार्डी म्हणून केली, आणि या जातीचं पहिलं वर्णन फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये केलं ते पुण्यातल्या माशांवरून! पश्चिम घाटातल्या ओढ्यांत दगडाखाली लपणारा हा डोळस मासा आणि बस्तरच्या अंधारातला तो फिका मासा एकाच नावाखाली. बस्तरला जाणार असाल तर पावसाळ्यात गुहा बंद असते, पाणी भरतं, आणि आत गेलात तर डबक्यावर मोबाइलचा टॉर्च मारून उभे राहू नका आणि बिस्किटं तर मुळीच टाकू नका, इतका वेळ वाचलंत म्हणजे का ते कळलं असेलच.

मेघालयात तर जगातला सगळ्यात मोठा गुहावासी मासा आहे. जैंतिया टेकड्यांमधल्या क्रेम उम लडाव गुहेत तो दिसला, चाळीस सेंटीमीटरच्या वर, आपल्या नद्यांतल्या महसीर माशाचा पांढराफटक आंधळा नातेवाईक. २०२३ मध्ये त्याला निओलिसोकाइलस प्नार हे नाव मिळालं, तिथल्या प्नार लोकांवरून. बाकीचे गुहेतले मासे बोटभर असताना हा एवढा मोठा कसा पोसला जातो हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो, पूर भरपूर अन्न आणत असणार असं वाटतं.

आणि केरळ. तिथे हे मासे गुहांमध्ये नाहीत, जांभ्या दगडाच्या खालच्या पाण्यात आहेत, आणि विहिरी खणल्या की त्यातून वर येतात. १९५० मध्ये कोट्टायमच्या एका विहिरीतून होराग्लॅनिस कृष्णाई नावाचा आंधळा मासा नोंदवला गेला, तीन-चार सेंटीमीटरचा, कातडी एवढी पातळ की रक्ताचा लाल रंग दिसतो. २०१९ मध्ये एक जात सापडली जिचं नाव भुजिया शेवेवरून ठेवलंय, पांजिओ भुजिया, फोटो बघा म्हणजे पटेल. २०२३ च्या होराग्लॅनिस पोप्युलायचं नाव तर सामान्य लोकांच्या सन्मानार्थ आहे, कारण नळातून, टाकीतून, बादलीतून मासे मिळाल्यावर लोकांनीच ते संशोधकांना कळवले.

अजिंठा-वेरूळ एवढ्या जुन्या गुहा, तिथे आंधळे मासे का नाहीत? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

कारण त्या खोदलेल्या लेण्या आहेत. फार तर बावीसशे वर्षांच्या, तोंडं उघडी, ऊन आत येतं, जमीन कोरडी. वटवाघळं आणि पाकोळ्या येतात तेवढंच. शिवाय आपला काळा बसाल्ट पाण्यात विरघळत नाही, चुनखडी विरघळते. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी लाखो वर्षं फटींमधून झिरपून चुनखडीत बोगदे, नद्या, तळी तयार होतात, म्हणून मेक्सिको, स्लोव्हेनिया, मेघालय, बस्तर, सगळीकडे खाली चुनखडीच आहे.

आमच्याकडे (रत्नागिरी जिल्हा) घराची विहीर जांभ्यात आहे. उपसताना असला मासा मिळाला तर काय करायचं? (एक शेतकरी वाचक)

दादा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण जांभा तुमच्याकडेही तोच आहे आणि केरळात जे मिळालं ते असंच, विहीर साफ करताना मिळालं. फिकट किंवा लाल, बिनडोळ्याचा, गांडुळासारखा बारीक किंवा बोटभर मिशाळ काही दिसलं तर फेकून देऊ नका आणि नळाच्या पाण्यातही टाकू नका, क्लोरीनने मरेल. विहिरीचंच पाणी बादलीत घ्या, त्यात सोडा, वर गोणपाट टाकून सावलीत ठेवा. पट्टी किंवा नाणं बाजूला ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढा, तारीख आणि विहिरीची खोली लिहून ठेवा, आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नाहीतर मत्स्य महाविद्यालयात कळवा. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहेच.

ग्रामपंचायतीची टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) पावडर टाकायची वेळ असेल तर ती टाकाच, पिण्याचं पाणी आहे, त्यात तडजोड नको. फक्त टाकायच्या आधी तळाला एकदा बारीक जाळी फिरवा, आणि पावडर सांगितली तेवढीच, अंदाजाने ओंजळभर जास्त नाही. साफसफाई मेमध्ये पाणी तळाला जातं तेव्हाच करत असाल ना? मग गाळ उपसून बांधावर फेकायच्या आधी एका घमेल्यात पसरून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. काही मिळालं तर आधी कॉलेजला कळवा, आम्हाला मागाहून फोटो पाठवलात तरी चालेल.